आज चाचणी नाही

माइकच्या तोंडावरच्या काळ्या स्पंजला एक बारीक खड्डा पडला होता, करंगळीचं नख बसेल एवढा, आणि त्यात कसलासा पांढरा कण अडकला होता — बिस्किटाचा चुरा असेल, नाहीतर भिंतीचा पोपडा — आणि तो टोकरून काढावा की असू द्यावा, एवढा एकच प्रश्न जगात उरला असल्यासारखी ती त्याच्याकडे बघत बसली होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. ऊन! किती आठवड्यांनी... भिंतींना घाम फुटला होता, फायलींना बुरशी चढली होती, चपला वाळायचं विसरून गेल्या होत्या, आणि आज एकाएकी हे असं धुऊनपुसून ठेवल्यासारखं आकाश. टेबलावर ऊन, तिच्या मनगटावर ऊन, त्या कणावरसुद्धा.

माइक तसा कधी वापरलाच जात नसे. तिचं काम बटणाचं. आठवड्यातून एकदा सकाळी ते हिरवं बटण दाबलं, की नदीपलीकडे डोंगराच्या पायथ्याला असलेल्या वस्तीत खांबाखांबांवरचे कर्णे खरखरत जागे व्हायचे. आधी भोंगा, मग तिचा आवाज — फार पूर्वी, सर्दी नसलेल्या एका चांगल्या दिवशी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला, तिच्यापेक्षा तरुण आणि तिच्यापेक्षा शांत — ‘लक्ष द्या. ही चाचणी आहे. घाबरण्याचं कारण नाही.’ वस्तीला तो इतका पाठ झाला होता की मुलं तो खेळ म्हणून खेळायची. एकानं भोंगा व्हायचं, एकानं ती, आणि बाकीच्यांनी पटापट मरून पडायचं. मोठी माणसंही काही कमी नव्हती. कुठल्या घरात नवरा-बायकोचं वाजलं की शेजारी भिंतीवर थाप मारून ओरडायचे, घाबरण्याचं कारण नाही, ही चाचणी आहे! हे तिला त्याच वस्तीत शिवणकामाचं दुकान असलेल्या ताईनंच सांगितलं होतं, हसून हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत... आणि तीही हसली होती, पण घरी गेल्यावर भांडी जरा जास्तच आपटली होती.

या कचेरीत येण्याआधी ती बसस्थानकावर गाड्या पुकारायची. तिथं माणसं तिचं ऐकायची. फलाट बदलला आहे, एवढं ती म्हणाली की बोचकी उचलून, पोरांना बखोटीला धरून सगळी धावत सुटायची, कोणी खरं-खोटं करत बसायचं नाही. कारण गाडी दिसायची. उशीर झाला तर सुटलेल्या गाडीचा धूर नाकातोंडात जायचा. पण डोंगर उद्या आपल्या जागेवर नसेल, हे कोणाला कसं दिसणार? तो तर आत्ताही समोर बसला होता, खिडकीच्या चौकटीत पुरेपूर, हिरवागार, उन्हात अंग शेकत.

बटणावर तिनं बोट ठेवलं.

आणि दार ढकलून तज्ज्ञबाई आत आल्या.

त्यांना सगळे तज्ज्ञबाईच म्हणत. डोंगरावर यंत्रं बसवायला वरच्या कचेरीनं पाठवलेल्या. वय फार नव्हतं, पण बोलणं असं तोलून मापून की समोरच्यानं आपलं वय विसरावं. आज त्या गुडघ्यापर्यंत चिखलानं माखल्या होत्या. चष्म्याच्या एका काचेवर चिखलाचं बोट उमटलं होतं, आणि ते त्यांना कळलेलं नव्हतं.

“साहेब कुठेत?” त्या म्हणाल्या. “तार ताणली गेलीय.”

वरच्या उतारावर जमिनीला एक लांबलचक भेग पडली होती, मागच्या वर्षीपासूनची. तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून तज्ज्ञबाईंनी मध्ये तार बांधली होती. भेग रुंदावली की तार ताणायची. हे सगळ्या कचेरीला माहीत होतं, जसं शेजारच्या घरातलं आजारपण माहीत असतं.

“किती?” तिनं विचारलं.

“पावसाळाभर मिळून सरकली नव्हती तेवढी कालपासून सरकलीय.”

“पण पाऊस तर थांबला.”

“वरचा थांबला. आत मुरलेलं पाणी आत्ता खाली पोचतंय.” तज्ज्ञबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि एकदम वेगळ्याच, लहान आवाजात म्हणाल्या, “वर पक्षी नव्हते हो. म्हणजे... ते काही माप नाही. मी लिहिणार नाही ते.”

ती खुर्चीतून अर्धवट उठली. भीती असावी. भीतीच असायला हवी होती. पण भीतीत असं हलकं वाटतं का? असं अंगभर, बोटांच्या टोकांपर्यंत कोणीतरी दिवे लावत गेल्यासारखं? एवढी वर्षं ती घाबरण्याचं कारण नाही, घाबरण्याचं कारण नाही म्हणत आली — आणि आता कारण आलं होतं, दारातून, चिखलाच्या पायांनी.

तिनं बटणावरचं बोट उचललं. आज चाचणी नको. चाचणी ऐकवली आणि मग तासाभरानं खरं सांगितलं, तर लोकांना दोन्ही एकच वाटेल. हे तिनं कोणाला विचारलं नाही. नोकरीत आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी न विचारता केलं. म्हणजे, केलं नाही.

साहेब आले, तज्ज्ञबाईंना आतल्या खोलीत घेऊन गेले, दार लागलं. ती बाहेर बसून राहिली. काचेपलीकडून आवाज येत होते, शब्द नाही.

मग फोन वाजला. ताई.

“बरी आहेस ना गं?”

“मी? मला काय झालंय?”

“नाही, आज बोलली नाहीस. इथं सगळे विचारतायत, शिंपीणबाई, तुमच्या बहिणीला बरं नाही का. तो गिरणीवाला तर म्हणाला, आज बाई गप्प आहेत म्हणजे काहीतरी गडबड आहे.”

कर्ण्यांतून ती बोलत होती तेव्हा कोणी मान वर केली नव्हती. बोलली नाही, तर वस्तीभर चौकशी! आणि ताई... ताईनं तिचं नाव लहानपणीच भोंगा पाडून ठेवलं होतं. झुरळ दिसलं की भोंगा, दिवे गेले की भोंगा, आई बाजारातून यायला जरा उशीर झाला की भोंगा. ताईला कधी कसली भीतीच वाटली नाही. विहिरीच्या काठावरून ती वाकून आपलं नाव पुकारायची, आणि ही मागे तिचा झगा दोन्ही मुठींत घट्ट धरून किंचाळत राहायची... त्या वेळी झगा सोडला असता, तर ताई पडली असती का? नसती पडली. ती कधीच पडली नसती. पण हे आत्ता कळतं. आणि आत्तासुद्धा माझ्या मुठी तशाच आहेत, हे मला फोन कानाला लावून उभी असताना दिसतंय.

“ताई,” ती म्हणाली, “आज दुकान बंद कर.”

“का?”

“कर गं. मशीन बंद कर आणि इकडे ये माझ्याकडे. भाऊजींनाही घेऊन ये.”

“आज? अगं, इतक्या दिवसांनी ऊन पडलंय, शाळेच्या गणवेशांचा ढीग लागलाय, काजं-बटणं व्हायचीत अजून.” ताई थांबली. मग सावकाश म्हणाली, “हे तुझं ऑफिस सांगतंय, की तू?”

आतल्या खोलीचं दार बंदच होतं. ऑफिसनं अजून काहीच सांगितलं नव्हतं. आणि निर्णय होण्याआधी बाहेर बोलायचं नाही, हा नियम. त्या नियमात बहिणीचा अपवाद नाही.

“मी,” ती म्हणाली.

“मग नाही,” ताई हसली. “तू काय, तू तर जन्माचीच घाबरट. ऑफिसनं सांगू दे, मग बघू.”

फोन ठेवल्यावर ती त्या वाक्याकडे बघत राहिली. ऑफिसनं सांगू दे. आणि ऑफिसनं सांगितलं की हीच माणसं म्हणणार, हं, ऑफिसचं काय घेऊन बसलात! मी सांगितलं तर मी घाबरट, ऑफिसनं सांगितलं तर ते ऑफिस. मग सांगायचं तरी कोणी? डोंगरानं?

ती उठली आणि न विचारता आत गेली. हे दुसरं.

साहेब खुर्चीत पुढे वाकून बसले होते. “हो की नाही, एवढंच सांगा,” ते म्हणत होते. “पडणार का?”

“तसं सांगता येत नाही,” तज्ज्ञबाई म्हणाल्या.

“म्हणजे नाही?”

“म्हणजे तसं सांगता येत नाही. आज पडेल, आठ दिवसांनी पडेल, कदाचित थोडा सरकून तसाच बसेलसुद्धा.”

“हेच तुमच्या आधीचे तज्ज्ञसाहेब मागच्या वर्षी म्हणाले होते.” साहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “घरोघर पोलीस पाठवून हलवली सगळी वस्ती मी. शाळेत ठेवली. काही झालं नाही. दगडसुद्धा निसटला नाही. आणि एक म्हातारी तिथं शाळेत गेली... वयानं गेली, डॉक्टरनं लिहून दिलं तसं. पण तिचा मुलगा मला रस्त्यात भेटला की अजूनही विचारतो, साहेब, डोंगर कुठवर आला? नुसतं विचारतो. हसून.”

ती दाराशी उभी होती. साहेब तिला नेहमी भित्रे वाटत आले होते, सही करताना तीनदा कागद उलटसुलट करून बघणारे. आज तिला पहिल्यांदा दिसलं की तो माणूस गेलं वर्षभर एका म्हातारीला खांद्यावर घेऊन कचेरीत येतो आहे.

तज्ज्ञबाईंनी चष्मा काढला, चिखलाचं बोट पाहिलं, आणि ओढणीला पुसत म्हणाल्या, “साहेब, मला एवढंच कळतं. माझं घर तिथं असतं, तर मी आत्ता इथं बोलत उभी नसते.”

पंखा फिरत होता. हेच, तिला वाटलं, हेच ते! इतका वेळ शक्यता-शक्यता करत भिंतीवर डोकं आपटत होतो आणि हे एक वाक्य बाजूला उभं होतं, साधं, पायांत चपला घालून तयार.

साहेबांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. “द्या इशारा,” ते म्हणाले.

पुढचं सगळं उतारावरून घरंगळल्यासारखं भराभर घडलं. पुलापलीकडे गाड्या निघाल्या, शाळेला फोन गेला, पोलिसांना फोन गेला, आणि ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली तेव्हा समोर छापील मजकूर होता, आधीपासून तयार असलेला. तज्ज्ञबाई खिडकीशी दुर्बीण लावून उभ्या राहिल्या. भोंगा वाजला. लांब, मग पुन्हा लांब. तिनं माइक जवळ ओढला आणि वाचलं: संभाव्य भूस्खलनाच्या पार्श्वभूमीवर डोंगरपायथ्यालगतच्या रहिवाशांनी सतर्कता बाळगून प्रशासनास सहकार्य करावे...

“कोणी हललं?” वाचून झाल्यावर तिनं विचारलं.

“एक बाई कपडे वाळत घालतेय,” तज्ज्ञबाई म्हणाल्या. “एक माणूस वर बघतोय. नाही... शिंकला. ऊन गेलं असेल डोळ्यांत.”

“बघू,” ती म्हणाली आणि दुर्बीण जवळजवळ हिसकावून घेतली.

वस्ती एकदम अंगावर आली. कौलं, पत्रे, दोऱ्यांवर सगळीकडे कपडे — आठवड्यांचे कपडे, चादरी, गोधड्या, लाल, पिवळे, जणू वस्तीनं स्वतःलाच उन्हात टांगून ठेवलं होतं. म्हातारे ओट्यांवर पाठ शेकत बसलेले. पोरं. आणि एक खेळ चाललेला तिला दिसला, एक मुलगा हात कर्ण्यासारखे तोंडाशी धरून उभा, आणि बाकीची एकेक करून जमिनीवर पडतायत, हसत. माझ्या आवाजावर मरून पडतायत. या सुंदर उन्हात मीही हलले नसते, तिला वाटलं. मीसुद्धा म्हणाले असते, गोधड्या वाळू देत, मग बघू.

तिनं कागद उलटा ठेवला.

“ही चाचणी नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच फाटला. “चाचणी आज झालीच नाही, आठवतंय का? तुम्हीच विचारत होता ना, बाई आज गप्प का... तर मी यासाठी गप्प होते.” तिला वाटलं होतं पुढचं वाक्य येईल. आलं हसू. कुठून आलं कोण जाणे, पोटातून, त्या सगळ्या पेटलेल्या दिव्यांतून, आणि ते आवरता आवरेना; खांबाखांबांवरून, गल्लीगल्लीतून तिचं हसू वस्तीभर सांडलं. मागे साहेबांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज तिनं ऐकला. “माफ करा,” ती म्हणाली. “मी घाबरले की मला असं होतं. मी खूप घाबरलेय. डोंगर सरकतोय. पडेलच असं नाही — खरंच नाही सांगता येत, मी खोटं बोलणार नाही — पण ज्या बाई वर जाऊन बघून आल्या त्या म्हणतात, त्यांचं घर तिथं असतं तर त्या आत्ता तिथं नसत्या. गिरणीवाले! आधी ती गिरणी बंद करा, तुमच्या आजूबाजूला मी ऐकूच येत नाहीये कोणाला!”

दुर्बिणीत तिला एका दारातून पिठानं पांढरा झालेला माणूस बाहेर येताना दिसला. तो खांबाकडे बघत होता. आपण त्याला पाहिलं, हे त्याला कळल्यासारखा. मग तो आत गेला, आणि पुन्हा बाहेर आला. गिरणी बंद झाली असणार, कारण त्या गल्लीतल्या बायका एकदम माना वर करून उभ्या राहिल्या.

पण उभ्याच राहिल्या. त्या खांबाकडे बघत नव्हत्या आता. त्या दुसरीकडेच बघत होत्या. तिनं दुर्बीण फिरवली. त्या ताईच्या दुकानाकडे बघत होत्या. सगळेच बघत होते. अर्थात! बाईची सख्खी बहीण काय करते ते बघू या. ती गेली तर खरं.

ताई दारात उभी होती, गळ्यात मापाची फीत, हातात कात्री.

आता ती जे बोलली ते नंतर तिला नीट आठवेना. साहेबांना आठवलं, तज्ज्ञबाईंना आठवलं, वस्तीतल्या बायकांना तर शब्दन् शब्द. “ताई,” ती म्हणाली, “कात्री ठेव. तू कधीच घाबरली नाहीस आणि म्हणून तुझ्या वाटची मीच घाबरत आले. दमले मी. आज एक दिवस तू घाबर ना गं. थोडीशी. माझ्यासाठी.”

ताईनं वर कर्ण्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. काहीतरी ठणकावून बोलली ती, त्या खांबालाच. मग वळली आणि आत निघून गेली.

झालं, तिला वाटलं. संपलं. लहानपणी अशीच ती पाठ फिरवून निघून जायची... रस्त्यावरच्या बायकांपैकी एक परत कपड्यांकडे वळली. तिनं माइकवरचा हात काढून घेतला. कोणीतरी तिला पाणी देत होतं, तिनं घेतलं नाही.

“थांबा,” तज्ज्ञबाई म्हणाल्या. दुर्बीण आता त्यांच्याकडे होती. “थांबा, थांबा... बाहेर आल्या! अहो, डोक्यावर काय घेतलंय त्यांनी?”

शिलाई मशीन. खालच्या पायांपासून सोडवून ताईनं ती उचलून डोक्यावर घेतली होती, एका हातानं धरली होती, आणि मागून भाऊजी गणवेशांचं गाठोडं पाठीवर मारून, लंगडत, बहुधा शिव्या देत येत होते. ताई गल्लीच्या मधोमध चालत होती. कोणाकडे बघत नव्हती. आणि ती ज्या घरावरून पुढे जाई त्या घराचं दार तिच्यामागे वाजे. एक, मग शेजारचं, मग समोरचं. दोऱ्यांवरचे कपडे भराभर खाली येऊ लागले, ओट्यांवरचे म्हातारे उचलले जाऊ लागले, गिरणीवाल्यानं कोणाच्या तरी आजीला पिठाच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. “चालल्या! सगळ्या चालल्या!” तज्ज्ञबाई ओरडत होत्या, तोलून-मापून सगळं विसरून, आणि त्यांनी साहेबांचा दंड पकडला होता, आणि साहेबांना ते कळत नव्हतं. दुर्बीण परत घेऊन ती बोलतच राहिली. पुलावर गर्दी करू नका, डावीकडून चाला. त्या निळ्या दाराच्या घरात कोणी आहे का बघा. मुलांना हाक मारून घ्या, हो, तुलाच, भोंगा झालेल्या, आता खरं पळायचं. बोलता बोलता तिचा घसा बसत गेला, आवाज खरवडत गेला, आणि त्यातून एक असा आनंद फुटत होता की तिला त्याची लाज वाटायलाही सवड नव्हती. ऐकतायत! माझं ऐकतायत!

दुपार कलली तेव्हा ती शाळेत गेली. तोंडातून नुसती हवा येत होती. साहेबांनी कर्णे दुसऱ्याकडे सोपवून तिला घरी जायला सांगितलं होतं, पण घरी कोण जातं! सगळी वस्ती नदीच्या अलीकडे शाळेच्या मैदानावर बसली होती, डोंगराकडे तोंड करून, एखाद्या खेळाचा पडदा वर जायची वाट बघत बसल्यासारखी. मध्ये पूल, त्यापलीकडे रिकामी वस्ती, आणि तिच्या डोक्यावर तो. ऊन तिरपं झालं होतं. प्रत्येक झाड वेगळं दिसत होतं. इतका देखणा तो कधी दिसला नव्हता.

“कधी?” येणाराजाणारा तिला विचारत होता. “बाई, कधी पडणार?” जणू गाडीची वेळ.

ताई भिंतीला टेकून बसली होती. मशीन शेजारी, मांडीवर गणवेश, हातानंच काजं करत.

“काय गं भोंग्या,” ती मान वर न करता म्हणाली, “सगळ्या गावासमोर माझी अब्रू काढलीस. मी घाबरत नाही म्हणे!”

तिनं घशाकडे बोट दाखवलं आणि शेजारी बसली. दोघी समोर बघत राहिल्या. वेळ जात होता. एका ठिकाणी वरच्या उतारावरची काही झाडं थोडी कललेली दिसत होती. ती सकाळीही तशीच होती की आत्ता कलली, हे तज्ज्ञबाईसुद्धा छातीठोकपणे सांगत नव्हत्या. मग तिथून मातीचा एक लहानसा धूर उठला. मैदानभर ‘आ’ झाला, माणसं उभी राहिली, कोणीतरी पोराला छातीशी धरलं... धूर विरला. आणखी काहीच नाही. माणसं खाली बसली, आणि त्या बसण्यात — तिनं ते ऐकलं, नक्की ऐकलं — एक बारीकशी निराशा होती.

आणि माझ्यात? तिनं आत पाहिलं, आणि आत जे बसलं होतं ते बघून तिला दचकायला झालं. पड ना, ते म्हणत होतं. पड ना एकदाचा! दाखव ना यांना! ताईचं दुकान तिथं, ताईनं पै-पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले कप तिथं, गिरणी, निळ्या दाराचं घर, सगळ्यांचं सगळं. आणि ती, जिनं जन्मभर सगळ्यांसाठी घाबरण्याचा मक्ता घेतला, ती मनातल्या मनात डोंगराला ढकलत होती. दोन्ही हातांनी.

“तुला वाटतंय ना तो पडावा?” ताई म्हणाली.

तिनं झटकन मान वळवून ताईकडे पाहिलं.

“मलाही वाटतंय,” ताईनं दोरा दातानं तोडला. “एवढी जड मशीन डोक्यावर घेऊन आले. फुकट?” आणि ती हसायला लागली, आणि मग एकाएकी हसायची थांबली. ताईचा हात तिच्या गुडघ्यावर येऊन पडला होता. तो थरथरत होता. ताईचा हात! तिनं आधी खाली पाहिलं नाही; मग पाहिलं, मग आपला हात त्यावर ठेवला.

सावल्या लांबल्या तशी मैदानात चुळबुळ सुरू झाली. बाकांवर मुलं कशी निजवायची, औषधं घरी राहिली, कोंबड्या कोंडायच्या राहिल्या. ऊन आहे, काही होत नाही. मागच्या वर्षीही हेच. आधी नुसतं पुटपुटणं, मग गोल करून बोलणं, मग उभं राहून बोलणं. आणि मग तिनं पाहिलं, गिरणीवाला पुलाकडे निघाला होता, आणि त्याच्यामागे आणखी काही जण. साहेब मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कोणाशी तरी हुज्जत घालत होते. तज्ज्ञबाई पुन्हा वर गेल्या होत्या. पोलिसांची गाडी कुठं होती कोण जाणे.

ती धावली. साडीचा काठ पायात आला, एक चप्पल निघाली, ती तशीच पुलाच्या तोंडाशी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाई, बाजूला व्हा,” गिरणीवाला म्हणाला. त्याच्या भुवयांवर अजून पीठ होतं. “तुम्ही म्हणालात गिरणी बंद कर, केली. पहिली गिरणी माझी बंद झाली. आता तुम्ही माझं ऐका. अंधार पडायच्या आत घरी जाऊ दे.”

तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

“पडणारय का आज? सांगा ना. रात्री पडणारय का?”

तिनं मान हलवली. माहीत नाही.

“मग?” तो ओरडला. “माहीत नाही तर अडवता कशाला?”

मागचे हसले. कोणीतरी म्हणालं, बाईंची चाचणी संपली. ती हलली नाही. उद्याही हे हसतील, तिच्या मनात आलं, आणि परवा, आणि साहेबांसारखंच मलाही रस्त्यात कोणीतरी थांबवून विचारेल, आणि त्याला दोन पाय असतील, तोंड असेल, विचारायला दम असेल... विचारू दे. तिनं दोन्ही हात पुलाच्या कठड्यांच्या दिशेनं पसरले. पूल एवढा रुंद की तिचे हात कुठंच पोचत नव्हते; दोन्ही बाजूंनी कोणीही आरामात निघून गेलं असतं. गिरणीवाला तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे. त्याच्या भुवईतलं पीठ, कपाळावरची शीर, आणि खांद्यामागचा एक एक चेहरा. रागावलेला, दमलेला, हसणारा, जांभई देणारा. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. छाती धडधडत होती, सकाळसारखीच, त्याहून जोरात, पण त्यात आता ढकलणं नव्हतं. डोंगर तिच्या पाठीशी होता. मागे काय चाललंय, काही चाललंय की नाही, हे या सगळ्यांना तिच्या खांद्यावरून दिसत होतं. एकटी तिलाच दिसत नव्हतं, आणि मान वळवून बघावं, असं तिला एकदाही वाटलं नाही.